डिशवॉशर रोज एकदा लावला तर महिन्याचा खर्च किती येईल?

मशीनच्या माहितीपत्रकात एका वॉशला किती युनिट लागतात ते दिलेलं असतं. इको मोडवर साधारण एक युनिट धरा. त्याला दराने गुणा, पण बिलाची सरासरी काढून नव्हे. महावितरणचे दर 100, 300, 500 युनिट अशा टप्प्यांनी चढतात आणि हे जादा युनिट तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. समजा तिथे 12 रुपये पडले, तर महिन्याला 360.

खरी कात्री धुण्याच्या साबणाच्या टॅब्लेटची, म्हणजे दर वॉशला लागणाऱ्या वडीची. ती 15 रुपयांची धरली तर 450 तिथेच गेले. पाणी मऊ करणारं मीठ आणि रिन्स एड (भांडी डाग न पडता सुकावीत म्हणून घालायचं द्रव) वेगळं. पावडर बहुतेक वेळा स्वस्त पडते. वीज मुख्यतः पाणी तापवायला जाते, म्हणून कढया-कुकरसाठीचा 70 अंशांचा इंटेन्सिव्ह मोड रोज लावू नका. पाण्याचा खर्च किरकोळ.