प्राचीन इस्राएली उपासनेत धूप आणि वेदी यांचा अर्थ काय होता?

आपला प्रश्न असा आहे की, प्राचीन इस्राएली लोक देवाला सुगंध आवडतो म्हणून धूप जाळत होते का, आणि बळी अर्पण करण्यासाठी एक वेदी असताना धुपासाठी दुसरी वेदी कशाला हवी होती. पहिल्या भागाला 'काही अंशी हो' असे उत्तर देता येईल, पण तेवढ्यावर थांबलो तर मुख्य गोष्ट हातून निसटते. माझ्या समजुतीप्रमाणे या उपासनेत धूप हा सर्वांत आधी पडदा होता. देवाच्या सान्निध्यात जाणाऱ्या माणसाला तो झाकत असे आणि म्हणूनच त्याला जिवंत ठेवत असे.

आधी शब्दांकडे पाहू. वेदीसाठी हिब्रूत 'मिज्बेआह' हा शब्द आहे आणि तो बळी कापणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. म्हणजे धूपवेदीचे नावच तिच्या कामाशी विसंगत आहे, कारण तिच्यावर कोणताही प्राणी अर्पण केला जात नसे. धुपाला 'क्तोरेत' म्हणतात. त्याचा धातू सुगंधाकडे बोट न दाखवता धुराकडे दाखवतो, आणि याच धातूचे क्रियापद बळीची चरबी वेदीवर जाळण्यासाठीही वापरले आहे. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानाला या दोन्ही कृती मुळात एकच होत्या: हातातल्या वस्तूचा धूर करून ती वर पाठवणे. 'परमेश्वराला सुवासिक' हा शब्दप्रयोग आपल्याला लगेच धुपाची आठवण करून देतो, पण बायबलमध्ये तो मुख्यतः होमबली (वेदीवर पूर्ण जाळलेला बळी) आणि अन्नबली (धान्याचे अर्पण) यांच्यासाठी येतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात इस्राएली लोकांच्या तंबूरूपी उपासनास्थानाचे वर्णन आहे आणि त्यात दोन वेद्यांची मापे दिलेली आहेत. अंगणातली होमवेदी पाच हात लांब, पाच हात रुंद आणि तीन हात उंच, बाभळीच्या लाकडाची आणि पितळेने मढवलेली होती. धूपवेदी एक हात लांब, एक हात रुंद आणि दोन हात उंच असून ती सोन्याने मढवलेली होती आणि आत, अंतरपटाच्या (सर्वांत आतली, परमपवित्र खोली वेगळी करणाऱ्या पडद्याच्या) अगदी समोर ठेवलेली होती. येथे 'हात' म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर. पितळेकडून सोन्याकडे, उघड्या अंगणातून बंद खोलीकडे आणि सगळ्यांच्या नजरेतून फक्त याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या, नजरेकडे असा हा प्रवास आहे. बाहेर लोकांचा बळी, आत सकाळ-संध्याकाळ दिव्यांची व्यवस्था करताना याजकाने जाळायचा धूप. दोन्ही वेद्यांच्या चार कोपऱ्यांना शिंगे होती आणि पापबलीचे रक्त या शिंगांना लावले जाई. दावीद राजाचा मुलगा अदोनीया आणि सेनापती यवाब जीव वाचवण्यासाठी वेदीची शिंगे पकडतात, ते या शिंगांना असलेल्या पावित्र्यामुळेच. यवाबाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. धूपवेदीच्या शिंगांनाही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त लागत असे. म्हणजे दोन वेद्या हे दोन वेगळे विधी नव्हते. एकाच वाटेवरचे ते दोन टप्पे होते.

धुपाचे मिश्रण निर्गमाच्या 30व्या अध्यायात सांगितले आहे: नाताफ आणि हेल्बना हे झाडांचे डिंक, शहेलेत आणि शुद्ध ऊद (हाही सुगंधी डिंकच), सर्व समभाग आणि मीठ घातलेले. यातले शहेलेत म्हणजे, पुष्कळ अभ्यासकांच्या मते, समुद्री शंखाच्या तोंडावरची चकती, अर्थात आपल्याकडे सुगंधी द्रव्यांच्या दुकानात 'नखला' म्हणून मिळते ती. ऊद दक्षिण अरबस्तानातून येत असे, म्हणून यिर्मया संदेष्टा 'शबाहून येणाऱ्या' उदाचा उल्लेख करतो. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण आपल्या मनातला धूप हा तिन्हीसांजेला घरभर फिरणारा असतो. या मिश्रणाबाबतचा नियम नेमका उलट आहे: ते कोणी स्वतःसाठी बनवले, नुसता वास घेण्यासाठी बनवले, तरी त्याला आपल्या लोकांतून बाहेर टाकावे.

इतकी कठोरता का, हे बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 16वा अध्याय वाचल्यावर कळते. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजकाने वेदीवरच्या निखाऱ्यांनी भरलेले धुपाटणे आणि ओंजळभर बारीक धूप घेऊन अंतरपटाच्या आत जायचे आणि धूप निखाऱ्यांवर टाकायचा, म्हणजे त्याचा ढग दयासनाला (पवित्र कोशाच्या झाकणाला, जिथे देव प्रकट होतो असे मानत) झाकील आणि तो मरणार नाही. कारण तिथेच स्पष्ट दिले आहे: मरू नये म्हणून. पुढे परूशी आणि सदूकी या दोन यहूदी पंथांत वाद झाला तो यावरच, की धूप निखाऱ्यांवर अंतरपटाबाहेर टाकून मग आत जायचे की आत गेल्यावर टाकायचा. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल, पण धूर हे आवरण मानले तर आवरणाशिवाय एक पाऊल टाकायचे की नाही, हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

हीच भीती दोन कथांतून दिसते. पहिला मुख्य याजक अहरोन याचे मुलगे नादाब आणि अबीहू आज्ञा नसलेला अग्नी धुपाटण्यात घालून परमेश्वरासमोर नेतात आणि जळून मरतात. अहरोनाच्या अधिकाराविरुद्ध कोरह याने केलेल्या बंडात 250 माणसे धुपाटणी घेऊन उभी राहतात, कारण धूप जाळण्याचा अधिकार म्हणजेच जवळ जाण्याचा अधिकार. त्यांनाही अग्नी गिळतो आणि त्यांच्या धुपाटण्यांचे पत्रे ठोकून वेदीला आच्छादन केले जाते. मात्र त्यानंतर लोकांत मरी पसरते तेव्हा अहरोन तेच साधन घेऊन धावतो, मेलेले आणि जिवंत यांच्यामध्ये उभा राहतो आणि 14,700 माणसे मेल्यावर मरी थांबते. मारणारा आणि वाचवणारा धूप एकच, फरक फक्त हातांचा, आणि मला हा सगळा विषय उलगडला तो या प्रसंगामुळे.

आता ग्रंथ बाजूला ठेवून जमिनीत काय सापडले ते पाहू. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन यांच्यासारख्या विद्वानांचे मत होते की धूपवेदी ही नंतरच्या काळातील भर असावी. पण इस्राएलमधल्या मगिद्दो या प्राचीन नगरात राजांच्या काळातील चुनखडीच्या लहान, शिंगे असलेल्या वेद्या सापडल्या आणि त्या मताचा जोर ओसरला. दक्षिणेकडील बैर-शेबा येथे 1973 साली मोठ्या शिंगवेदीचे दगड एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले आढळले. ते दगड नीट घडवलेले आहेत, तर निर्गमाच्या 20व्या अध्यायात घडवलेल्या दगडांची वेदी बांधू नये असे म्हटले आहे! नियम आणि व्यवहार यांतले हे अंतर लक्षात ठेवावे.

त्याहून बोलका पुरावा अराद येथील आहे. दक्षिणेतील नेगेव वाळवंटाच्या सीमेवरील, यहूदा राज्याच्या या किल्ल्यात पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांना एक छोटे मंदिर सापडले. त्याच्या परमपवित्रस्थानाच्या दाराशी चुनखडीच्या दोन वेद्या आडव्या करून पुरून ठेवलेल्या होत्या. 2020 साली त्यांच्या माथ्यावरच्या काळ्या थराचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी होती, लहानीवर भांग आणि प्राण्यांचे शेण. उदाला अधिक उष्णता लागते म्हणून चरबी आणि भांग मंद जळावी म्हणून शेण, असे संशोधकांनी सुचवले आहे. भांगेचा उल्लेख बायबलच्या पाककृतीत कुठेही नाही. काहींनी यावरून यरुशलेमच्या मंदिरातही तेच होत असावे असा तर्क लढवला आहे, पण एका किल्ल्यातल्या मंदिरावरून एवढी मोठी उडी मारणे मला पटत नाही.

संदेष्ट्यांची टीकाही येथे नमूद केली पाहिजे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात, हातांना रक्त लागलेल्यांचा धूप परमेश्वराला वीट आणतो. आणि 141व्या स्तोत्रात कवी आपली प्रार्थनाच धुपाप्रमाणे सादर व्हावी असे मागतो. हा अर्थविस्तार पुढे फार कामी आला.

यरुशलेमचे पहिले मंदिर पडल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिराच्या काळात धूप बनवण्याची विद्या अवतिनास या घराण्याकडे होती. धूर सरळ खांबासारखा वर चढवणारी वनस्पती त्यांना माहीत होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. मंदिराचा धूप वापरतात असा संशय येऊ नये म्हणून त्या घराण्यातल्या स्त्रिया अंगाला कधी सुगंध लावत नसत, असे तालमूद हा यहूदी धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. तालमूदातील यादीत घटक 11 आहेत आणि वर्षाचे 368 माप: सौर वर्षाच्या दिवसांचे 365 आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाचे 3. उग्र वासाचे हेल्बनाही त्यात हवेच, कारण पापी माणसांना वगळून केलेला उपवास हा उपवासच नव्हे, असा बोध तालमूदातील एका रब्बीने (धर्मपंडिताने) त्यावरून काढला.

इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडले आणि दोन्ही वेद्या संपल्या. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्राएल हे मराठी यहूदी आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद' म्हणतात. तिथे बळी देण्याची वेदी नाही. पण ते ज्या सेफार्दी (मूळ स्पेनच्या यहूद्यांच्या) पद्धतीने प्रार्थना करतात तिच्या दैनंदिन पाठात धुपाच्या घटकांची ही यादी आहे, आणि तिच्यातला एकही घटक गाळणारा मृत्युदंडास पात्र आहे हे वाक्यही तिच्यासोबत म्हटले जाते.