ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलाचा हात लावू नकोस

गॅस कटिंग शिकायला लागलास, चांगलं आहे. पण आधी सिलिंडर हाताळायला शीक. काळा ऑक्सिजनचा, मरून डीएचा, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या ॲसिटिलीन गॅसचा. भरलेल्या ऑक्सिजनमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाब असतो, म्हणून हलवताना रेग्युलेटर काढायचा, टोपी घट्ट बसवायची आणि ट्रॉलीच वापरायची. जमिनीवरून गडगडत नेणारे बहाद्दर आमच्याकडेही होते!

ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस अजिबात नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते आपोआप पेटू शकतं. आटे जाम झाले तरी नाही.

डी॰ए॰ कायम उभाच ठेव. आत ॲसिटोन असतं, आडवा वापरलास तर तेच नळीतून बाहेर येतं. त्याचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होणारे, जोर लावू नकोस. दोन्ही साखळीने बांध, रिकामे वेगळे ठेव.