पाकीट कुणाकडे?

"मॅडम, आईला फिरायला न्यायची फार हौस आहे, पण सलग दोन दिवस एकत्र राहिलो की भांडण ठरलेलं. आमच्यात काही बिघडलंय का?" मे महिन्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी संपली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी बहुधा तिशीतली लेक असते. या वेळी आई आली होती. (दोघींना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

आई बासष्टची, सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त. लेक जर्मनीत नोकरीला. दोघी पाठीला सॅक लावून नऊ दिवस रेल्वेने इटलीतली डोंगरमाथ्यावरची गावं हिंडून आल्या. ऑर्व्हिएतो, पेरुजा, असिसी, कोर्तोना. फोटो सुरेख. पण परत आल्यापासून फोनवर "जेवलीस? बरं, ठेवू?" एवढंच.

ठिणगी पडली ऑर्व्हिएतोच्या स्टेशनात. तिथल्या साध्या गाड्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड. "कुठली बाजू आत घालायची ते बघत होते मी. तिने हातातून ओढूनच घेतलं. म्हणाली, दे इकडे, तुला नाही जमायचं." हे सांगताना आईचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, नोटा मोजताना फिरतो तसा.

मी आधी चुकलेच. जुनी जखम शोधायची आम्हा समुपदेशकांना खोड. तिचं बालपण, यांची नोकरी, सासूबाई... अर्धा तास त्यात गेला आणि हाती काही लागलं नाही. मग सहज विचारलं, "त्या नऊ दिवसांत तुम्ही स्वतः काय विकत घेतलंत?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "काहीच नाही. बत्तीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळले मी. तिथे कॉफी प्यायची तरी तिच्या तोंडाकडे बघायचं."

लेकीशी व्हिडिओवर बोलले. ती भडकलेली असेल असं वाटलं होतं, निघाली दमलेली. या गावांची गंमत अशी की गाव वर आणि स्टेशन खाली दरीत. ऑर्व्हिएतोला स्टेशनासमोरून दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे वर नेते. पेरुजात जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने. असिसीला बस. दर मुक्कामी नवा हिशोब, आणि आईचा डावा गुडघा दुखरा. आई झोपली की ही रात्री फोनवर दुसऱ्या दिवशीच्या पायऱ्या शोधत बसायची. "मी फिरले नाही हो, नऊ दिवस ड्युटी केली," म्हणाली.

ऑर्व्हिएतोत सेंट पॅट्रिकची विहीर आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट या गावात आश्रयाला आला, आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खणायला लावली. आत एकमेकांभोवती वळत जाणारे दोन जिने आहेत, 248 पायऱ्यांचे. एकाने खेचरं उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, वाटेत गाठ पडायचीच नाही. लेकीने आकडा वाचला आणि आईला वरच बाकावर बसवून एकटी उतरली. तिच्या लेखी ती काळजी होती. आईच्या लेखी, "गुडघा माझा. मला विचारायचं तरी."

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, यात नातं बिघडल्याची खूण मला दिसली नाही. सगळी कामं एकीकडे गेली होती आणि दुसरीचं सामान झालं होतं. सामानाशी कोणी बोलत नाही, ते फक्त हलवतात. वयस्कर आई-वडिलांना "तू नुसती आराम कर" म्हणणाऱ्या प्रेमळ मुलांकडून हे सर्रास होतं.

दोघींना भांडणांच्या वेळा लिहायला सांगितल्या. पाच भांडणं, त्यातली तीन दुपारी चार ते सातमधली. तिकडे बऱ्याच ठिकाणी दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, आणि आईची भाकरीची वेळ साडेबाराची. भुकेला आपण फार लवकर 'स्वभाव' म्हणतो! यावर उपाय समुपदेशनात नाही, सॅकमधल्या दशम्यांत आहे.

बाकी फार काही सांगितलं नाही. पाकीट आणि तिकिटं आईकडे, गाड्यांच्या वेळा लेकीकडे. रोज दोन तास दोघी वेगवेगळ्या. गाडी बदलताना आवाज चढला तर तो फलाटावरच सोडायचा. आणि गुडघ्याचा निर्णय गुडघेवालीचा. लेकीला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं. "आणि पडली तर?" तिने तीनदा विचारलं. पडू शकते, म्हटलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये दोघी परत गेल्या. आई विहीर उतरली, चढताना आतल्या खिडक्यांपाशी चारदा बसली, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला म्हणून कोर्तोना रद्द. परवा लेकीचा फोन आला होता, तक्रार घेऊनच.

"मॅडम, ती रोज रात्री वहीत हिशोब लिहिते. आणि मला दुसरं आइस्क्रीम घेऊ देत नाही."