पेलोपोनेशियन युद्ध ही 'यादवी' का?

प्रश्न असा आला आहे : अथेन्स आणि स्पार्टा दोन्हीकडचे लोक ग्रीकच, मग त्यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाला मराठीत 'यादवी' म्हणायला काय हरकत आहे?

मी म्हणणार नाही. पण त्याच युद्धाच्या पोटात जे घडलं, त्याला मात्र यादवीच म्हणेन.

हा शब्द महाभारतातल्या यादवांवरून, म्हणजे कृष्णाच्या कुळावरून आला. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत जुनी उणीदुणी निघाली, हाताला लागेल ते एरका गवत उपटलं, त्याची मुसळं झाली आणि एका कुळानं स्वतःलाच संपवलं. महाभारताच्या मौसलपर्वात बापानं मुलाला आणि मुलानं बापाला मारल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे यादवी होते ती एकाच घरात, एकाच राज्यात. अथेन्स आणि स्पार्टा ही तर वेगळ्या कायद्यांची, वेगळ्या फौजांची नगरराज्यं. इ.स.पू. ४३१ ते ४०४ अशी २७ वर्षं आपापल्या मित्रराज्यांसह ती एकमेकांशी लढली. ते युद्धच.

ग्रीक भाषेतही हा भेद होता. राज्याराज्यांतला तो 'पोलेमॉस', नगराच्या आतली ती 'स्टासिस'. हा दुसरा शब्द आपल्या 'स्थिती'चा सख्खा भाऊ. आधी नुसतं उभं राहणं, मग बाजू घेऊन उभं राहणं, मग तट, आणि शेवटी तटांमधला रक्तपात. आपल्याकडे वैरालाही 'उभा दावा' म्हणतात, ते इथे हटकून आठवतं.

इ.स.पू. ४२७ मध्ये कॉर्सिरा बेटावर, म्हणजे आजच्या कॉर्फूवर, लोकशाहीवाल्यांची भिस्त अथेन्सवर होती आणि मूठभर धनिकांची स्पार्टावर. अथेन्सची ६० जहाजं येऊन थांबली होती, त्या सात दिवसांत लोकशाहीवाल्यांनी विरोधकांची कत्तल केली. देवळात आसरा घेतलेल्यांना बाहेर ओढलं. काहींना आत कोंडून भिंती घातल्या, ते तिथेच मेले. बापानं मुलाला मारलं, असं या युद्धाचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो. मौसलपर्वाशी इतकं जवळचं वाक्य ग्रीक इतिहासात सापडावं, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे तो सांगतो की शब्दांचे अर्थच फिरले : अविचारी धाडस म्हणजे निष्ठा, सबुरी म्हणजे भ्याडपणा. शब्दांवर जीव असलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो.

प्रश्नकर्त्याच्या बाजूनं एक भक्कम साक्षीदार आहे, प्लेटो. ग्रीकांनी ग्रीकांशी लढणं ही स्टासिसच मानावी, असं 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो. पण सगळे ग्रीक हे एक घर आहे, असा त्याचा आग्रह त्यामागे आहे. तोच आग्रह तुम्हाला धरायचा असेल, तर 'यादवी' जरूर लिहा. 'भाऊबंदकी' मात्र नको; त्या शब्दाला वाटण्यांचा आणि बांधांचा वास आहे.

इतिहास सांगताना मी असं लिहीन : इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरलं, स्पार्टाच्या आधारानं तिथे तीस जणांची जुलमी राजवट आली आणि शहरात यादवी माजली.