वडिलांच्या डायलिसिससाठी गाडी घ्यावी का? घ्यावी, पण आधी ती चालवणार कोण हे ठरवावे

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचून मगच लिहायला बसलो. केज तालुक्यातले गाव, अंबाजोगाईचा दवाखाना 22 किलोमीटरवर, वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, शाळेतल्या नोकरीतून महिन्याला हाती येणारे 42,000 रुपये, सात एकर कोरडवाहू रान आणि दर खेपेला गावातल्या ठरलेल्या गाडीचे 1,200 रुपये, अशी तुमची परिस्थिती आहे. भाड्यानेच भागवावे की स्वतःची चारचाकी घ्यावी, आणि घ्यायचीच तर मोठे बंधू म्हणतात त्याप्रमाणे 11 लाखांची नवी सात सीटर घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते गाडी जरूर घ्यावी, मात्र ती जुनी, लहान, पेट्रोलवर चालणारी आणि शक्यतो कर्जाविना घ्यावी.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. माझे थोरले बंधू 2011 पासून सहा वर्षे डायलिसिसवर होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांना लातूरला न्यावे लागे, आणि ती सहाही वर्षे आमच्या दारात 2003 ची एक मारुती 800 उभी होती. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली आणि 2014 च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आलेली पहिली चारचाकी हीच होती. त्याआधी आमच्याकडे गाडी म्हणजे बैलगाडी, पुढे गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि मोटार लागलीच तर ती काळी-पिवळी जीप, तीही दहा जणांच्या जागेत पंधरा जण बसल्याशिवाय न हलणारी.

आधी हिशेब पाहू. आठ खेपांचे 9,600 रुपये तुम्ही दरमहा देत आहात. स्वतःच्या गाडीने त्याच आठ खेपा म्हणजे साधारण 352 किलोमीटर. लिटरला 16 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले तर 2,310 रुपये होतात. (आपल्याकडे इंधन डेपो लांब असल्याने दर चढाच राहतो. परभणीच्या पेट्रोल दराच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतोच.) विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरी यांसाठी वर्षाला 28,000 रुपये बाजूला काढले तर महिन्याला आणखी 2,300. म्हणजे साडेचार-पावणेपाच हजारांत काम होते आणि जवळपास 5,000 रुपये वाचतात. पावणेतीन लाखांची जुनी गाडी घेतली तर साडेचार-पाच वर्षांत तिची किंमत वसूल होते.

आता सात सीटरचा हिशेब पाहा. दोन लाख रोख भरून नऊ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता 14,700 रुपयांच्या आसपास येतो आणि व्याजापोटी सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम जाते. पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्यात गेल्यावर वडिलांची इंजेक्शने, मुलांचे शिक्षण आणि सोयाबीन हातचे गेलेल्या वर्षीचा घरखर्च कशातून करणार? बंधूंचा आग्रह प्रेमापोटीच असणार आणि लगीनसराईत मोठी गाडी उपयोगी पडते हेही खरे. पण लग्न वर्षातून चार-पाच असतात, डायलिसिस वर्षातून शंभरावर वेळा असते. लग्नासाठी क्रूझर भाड्याने सांगता येते. 2010 मध्ये औरंगाबादेत सुमारे दीडशे मर्सिडीज एकाच वेळी खरेदी झाल्या, तेव्हा मराठवाड्याचे नाव देशभर गाजले. त्या घेणारे उद्योजक आणि व्यावसायिक होते, त्यांचे गणित पावसावर बेतलेले नव्हते. त्या बातमीनंतर आमच्या ओळखीतल्या काही शेतकरी घरांनी ऐपतीबाहेरच्या गाड्या घेतल्या आणि 2014, 2015 अशी दोन वर्षे पाठोपाठ पावसाने दगा दिल्यावर त्या विकल्या. विकताना निम्मीही किंमत आली नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नवी लहान गाडी हाही पर्याय तुमच्या मनात येईल. निम्म्याहून अधिक रक्कम रोख भरता येत असेल तरच त्याचा विचार करावा. जुनी डिझेल गाडी टाळावी, कारण तिची दुरुस्ती महाग पडते आणि तुमच्या फेऱ्या जवळच्या आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गाडी दारात असून ती चालवणारे माणूस त्या वेळी घरात नसेल, तर ती नसल्यासारखीच आहे. डायलिसिसची वेळ सकाळची असेल तर तुम्ही वर्गात असाल. आठवड्यातून दोनदा रजा मिळणार नाही आणि बंधू पुण्यात असतात. मग ठरलेल्या ड्रायव्हरला रोजाने बोलवावे लागेल आणि वाचलेले 5,000 रुपये तिकडे जातील. म्हणून माझा आग्रह असा आहे की तुमच्या पत्नीने गाडी शिकावी, आणि गाडी घेण्याआधी शिकावी. शिकाऊ परवाना मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. अंबाजोगाईतच उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, एमएच 44 ही मालिका तिथलीच, त्यामुळे बीडला हेलपाटे मारावे लागणार नाहीत.

आमच्या घरी माझ्या वहिनी वयाच्या 41 व्या वर्षी गाडी शिकल्या. सुरुवातीला भावकीतली वडीलधारी मंडळी नाराज होती आणि वहिनींनाही भीती वाटत होती. पहिले पंधरा दिवस त्या पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या खळ्यावर गाडी चालवत, कारण त्या वेळी बघणारे कोणी नसे. चौथ्या महिन्यात त्या एकट्याने बंधूंना लातूरला घेऊन गेल्या आणि संध्याकाळी सुखरूप परत आल्या. पुढे 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्हाला आठवत असेल. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरहून अधिक शुद्ध केलेले पाणी लागते. पाणी येईल तशी मशीनची वेळ ठरे, आणि रात्री अकराला निरोप येई की पहाटे चारला या. भाड्याची गाडी त्या वेळी कोठून मिळणार? त्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा गाडी वहिनींनीच नेली.

गाडी कोणती घ्यावी, हे वडिलांच्या गुडघ्यांना विचारावे. सात सीटरची पायरी उंच असते आणि डायलिसिस झालेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो. पाय उचलून वर चढताना त्याला घेरी येते. फार बुटकी गाडीही नको, कारण तीत बसताना माणूस आदळतो आणि उठताना त्याला दोघांनी ओढावे लागते. माझे बंधू आधी दाराकडे पाठ करून आसनाच्या कडेवर टेकत, दोन श्वास घेत, मग मी त्यांचे दोन्ही पाय उचलून आत ठेवत असे. त्यासाठी पुढचे दार काटकोनात उघडणारे आणि आसन साधारण कमरेखाली, मांडीच्या उंचीवर असणारे हवे. पुढचे आसन मागे कलंडते का, हेही पाहून घ्यावे, कारण परतीच्या वाटेवर वडील आडवे होतील. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातावर केलेली रक्तवाहिन्यांची जोड, डाव्या हाताला असेल तर तो हात दार आणि आसन यांच्यामध्ये दाबला जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. आम्ही तिथे एक लहान उशी ठेवत असू. एसी चालू स्थितीत असलाच पाहिजे. आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हात त्याला चैन म्हणता येणार नाही.

जुनी गाडी घेताना माझी एकदा फसवणूक झाली आहे. मारुतीनंतर घेतलेल्या गाडीचे मीटर 38,000 किलोमीटर दाखवत होते आणि विकणारा व्यापारी ओळखीतला होता, म्हणून मी खोलात गेलो नाही. घरी आणल्यावर उजेडात पाहिले तर क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची पकड चकाकणारी आणि चालकाच्या आसनाची बाहेरची कड खचलेली होती. 38,000 किलोमीटरमध्ये हे होत नाही. मीटर मागे फिरवले होते. म्हणून मीटरच्या आधी पेडल पाहा. इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाहा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जा. कागदपत्रांत मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र, आणि थकलेली ई-चलने पाहून घ्या. नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यामुळे सात-आठ वर्षांहून जुनी गाडी घेऊ नये. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नसल्याने त्यांचे मायलेज काहीसे कमी पडते. माझा 16 चा आकडा ते धरूनच आहे.

तुमचे घर गावात आहे की शेतातल्या वस्तीवर, हे तुम्ही लिहिलेले नाही. वस्तीवर असेल तर पावसाळ्यापूर्वी डांबरी रस्त्यालगत कोणाच्या तरी शेडमध्ये जागा बोलून ठेवा. आपली काळी माती ओली झाली की चाकाला थरावर थर चढत जातात आणि मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरेनासे होते. आमच्या डिकीत त्यासाठी कायम एक खुरपे असे. पेशंट आत बसलेला असताना पाणंदीत ती माती खरवडत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये. सोयाबीनची पोती ठेवलेल्या खोलीशेजारीही गाडी उभी करू नका, उंदीर तिथून बोनेटमध्ये शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. लिंबाच्या सावलीत, भिंतीपासून हातभर सोडून लावावी.

दारात गाडी आली की ती गावाची होते. बाळंतपण, सर्पदंश, छातीत दुखणे, अशा वेळी रात्री कडी वाजेल. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे आणि आधी तिलाच फोन करावा, कारण तिच्यात डॉक्टर असतो. पण ती दुसऱ्या फेरीवर असेल तर गाडी काढावी लागते आणि ती काढावीच. मात्र त्यासाठी विमा नीट हवा. नुसता तृतीय पक्ष विमा असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांना संरक्षण मिळत नाही, म्हणून सर्वसमावेशक पॉलिसी घ्या. कोणाकडूनही भाडे घेऊ नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चावी मात्र कोणाच्या हाती देऊ नये. माणसाला नेऊन सोडावे, गाडी परक्या हाती सोडू नये. हा नियम आम्ही पहिल्या महिन्यातच भावकीत बोलून दाखवला होता. तेव्हा दोन घरे रुसली, पण डायलिसिसच्या दिवशी गाडी जागेवर नाही असे सहा वर्षांत एकदाही झाले नाही.

एसटी सोडू नका. डायलिसिसच्या रुग्णांना साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे, मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. तपासण्यांचे अहवाल आणणे, औषधे घेणे, आईला माहेरी सोडणे ही कामे बसने होतात. गाडी फक्त डायलिसिस आणि रात्रीची निकड यांसाठी ठेवली तर ती आठ-दहा वर्षे सहज साथ देईल. 2021-22 च्या संपात एसटी पाच महिने जवळपास बंद होती, तेव्हा दारात गाडी नसलेल्या पेशंटांचे जे हाल झाले ते मी लातूरच्या दवाखान्यांच्या ओट्यांवर पाहिले आहेत. तुम्हाला गाडी घ्या असे मी इतक्या ठामपणे सांगतो त्यामागे ते दृश्यही आहे.

व्यवहार ठरत आला की इसार देण्याआधी एवढे करा. विकणाऱ्याला गाडी घेऊन डायलिसिसच्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या दारात यायला सांगा. वडील सकाळी ताजेतवाने असताना कोणत्याही गाडीत बसू शकतील, तुम्हाला पाहायचे आहे ते चार तास मशीनवर काढून बाहेर आल्यावर त्यांना त्या आसनावर बसता येते का. मागे कलंडून ते स्वस्थ पडून राहिले तर गाडी घ्या, आणि दाराशी चाचपडू लागले तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी दुसरी पाहा. घेतल्यावर कोणती घेतली आणि तुमच्या पत्नीचे शिकणे कसे चालले आहे, ते अवश्य कळवा.