वेगळ्या थ्रेडमध्ये यूआय ‘नल’ का येतो?

प्रश्न: वादिन २४ वर (जावात वेब ॲप लिहायचं फ्रेमवर्क) ॲप केलं आहे. ‘अहवाल काढा’ बटण दाबलं की वेगळा थ्रेड (बाजूला स्वतंत्र चालणारं काम) सुरू होतो आणि काम झालं की लेबल बदलतो. पण तिथे चालू यूआय (टॅबमधल्या पानाचा सर्व्हरवरचा ऑब्जेक्ट) देणारं यूआय.गेटकरंट() नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. बटणाच्या लिसनरमध्ये (क्लिक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) हीच ओळ नीट चालते. यूआय स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवू का?

उत्तर: स्टॅटिक अजिबात नको. ते अख्ख्या सर्व्हरला मिळून एकच असतं. दुसऱ्याने पान उघडलं की पहिल्याचा यूआय पुसला जातो आणि एकाचा अहवाल दुसऱ्याच्या स्क्रीनवर उमटतो.

गेटकरंट() काही शोधत नाही, चालू थ्रेडच्या थ्रेडलोकलमध्ये (दर थ्रेडच्या स्वतःच्या खणात) जे असेल ते हातात देतं. ब्राउझरची रिक्वेस्ट आली की वादिन त्या थ्रेडला यूआय आणि वादिनसेशन (त्या वापरकर्त्याचं सेशन) लावून देतं, रिक्वेस्ट संपली की काढून घेतं. तुमचा थ्रेड तुम्ही सुरू केलेला, त्याला ते कोण लावणार? वादिनसेशन.गेटकरंट() सुद्धा तिथे नलच देईल.

म्हणून थ्रेड सुरू करण्याआधी, लिसनरमध्येच यूआय धरून ठेवा:

यूआय पान = यूआय.गेटकरंट();

आणि थ्रेडमध्ये काम आटोपल्यावर:

पान.ॲक्सेस(() -> लेबल.सेटटेक्स्ट("तयार"));

ॲक्सेस() सेशनचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेऊन मगच आतला कोड चालवतं. आत गेटकरंट() पुन्हा नीट चालतं. मात्र अहवालाची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) या कंसात घालू नका. यूआय दर टॅबला वेगळा असला तरी सेशन आणि त्याचं लॉक सगळ्या टॅबना मिळून एकच. क्वेरीला ४० सेकंद लागले तर त्या माणसाचे सगळे टॅब ४० सेकंद गोठतील. आत फक्त स्क्रीन बदलणाऱ्या ओळी ठेवा.

एवढं करूनही लेबल बदललेलं दिसत नसेल आणि कुठे तरी क्लिक केल्यावरच दिसत असेल, तर पुश (सर्व्हरने स्वतःहून ब्राउझरला बदल पाठवणं) सुरू नाही. ॲपशेलकॉन्फिग्युरेटर असलेल्या क्लासवर @पुश लावा. ते जमत नसेल तर पान.सेटपोलइंटर्व्हल(१०००) म्हणजे दर सेकंदाला विचारणा. छोट्या ॲपला पुरतं.

मधेच टॅब बंद होऊन यूआय सुटला, तर ॲक्सेस() यूआयडिटॅच्डएक्सेप्शन फेकतं. ते पकडा आणि थ्रेडचं उरलेलं काम थांबवा.

घटकाच्या (बटण, लेबल वगैरे) कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे तो तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, घटकाचं गेटयूआय() रिकामं येतं, कारण घटक अजून पानाला जोडलेलाच नसतो. तिथे घटक पानाला जोडला जाताना चालणारं ऑनअटॅच() वापरा. त्याच्या इव्हेंटमधून यूआय मिळतो.