जंताचं औषध देण्याआधी लीद तपासा

प्रश्न (निपाणी) : डॉक्टर, आमचा घोडा घोडागाडीच्या शर्यतीत पळतो. खातोय चांगलं पण बरगड्या दिसायल्यात. दर दोन महिन्याला जंताचं औषध देतोय, तरी असं का?

उत्तर : दादा, पुढचा डोस जरा थांबवा आणि आधी लीद तपासून घ्या. असं अंदाजानं औषध देत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात, फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाच्या बाबतीत तर हे जगभर झालंय. ताजी लीद मूठभर घ्या, पिशवीतली हवा काढून तोंड बांधा, फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको) आणि शक्यतो 12 तासांत लॅबला पोचवा. उन्हात पडलेली लीद नेऊ नका, तिच्यातली जंतांची अंडी फुटून अळ्या निघतात आणि अंड्यांचा आकडा खोटा कमी येतो. मोठ्या घोड्यात एका ग्रॅम लीदीत 200 च्या खाली अंडी म्हणजे कमी, 500 च्या वर म्हणजे जास्त. औषध दिलंच तर छातीभोवती टेप लावून वजनाचा अंदाज घेऊन द्या, आणि 14 दिवसांनी परत लीद तपासा, अंडी 90 टक्क्यांनीही उतरली नसतील तर ते औषध तुमच्या पागेत चालत नाही असंच धरा. आणि हो, दातपण बघून घ्या, चावता येत नसलं तरी घोडा वाळतो.

प्रश्न (खानापूर) : रिपोर्टमध्ये एकपण अंडं नाही. मग घोडी साफ समजायची का?

उत्तर : नाही ताई, इथंच लोक फसतात. लीदीत फक्त पूर्ण वाढलेले, अंडी घालणारे जंत कळतात. बारीक जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत महिनोन्‌महिने दडून बसतात, त्या या तपासणीत येतच नाहीत. पट्टकृमीची (पट्टीसारख्या चपट्या जंताची) अंडीपण कधी पडतात कधी नाही, त्याला रक्ताची तपासणी असते. त्यामुळं घोडीला अचानक पातळ हगवण लागली, पोटाखाली सूज आली, झपाट्यानं वाळायला लागली तर रिपोर्ट हातात धरून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, यात जीव जातो.

प्रश्न (चिकोडी) : घोडा सारखी शेपटी भिंतीला घासतोय, लीदीत काही सापडलं नाही.

उत्तर : सूतकृमी (दोऱ्यासारखा जंत) असू शकतो. त्याची मादी गुदद्वाराबाहेर कातडीवर अंडी चिकटवते. सकाळी धुवायच्या आधी तिथं पारदर्शक चिकटपट्टी दाबून घ्या आणि काचेवर लावून दाखवा.

प्रश्न (बेळगाव) : पुढच्या पायांच्या केसांवर पिवळे ठिपके आहेत, तेपण जंतच का?

उत्तर : ती एका माशीची अंडी. घोडा पाय चाटतो तशा अळ्या तोंडातून पोटात जातात. लीदीत त्या कळत नाहीत, म्हणून हे ठिपके हीच खूण. रोज खरवडून काढा, आणि आयव्हरमेक्टिन हे औषध कधी द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.